करणाचा अधिपती

पिंपळगाव बसवंतहून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावच्या दिशेने निघाले की तीस-पस्तीस किलोमीटरवर चांदवड लागते. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांचा हा पट्टा बाजारपेठ म्हणून देशभर ठाऊक आहे. देवगिरीच्या यादवांची सुरुवात याच डोंगरांच्या आडोशाला झाली, हे मात्र फारसे बोलले जात नाही. वसईला सापडलेल्या शके ९९१ म्हणजे इ.स. १०६९ च्या ताम्रपटात यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार याचा संबंध चंद्रादित्यपूर या नगराशी जोडलेला आहे. हे चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड असावे, असे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९ व्या शतकात सुचवले आणि पुढच्या अभ्यासकांनी ते बहुतांशी मान्य केले. दृढप्रहाराचा मुलगा सेऊणचंद्र. त्याने वसवलेले सेऊणपूर म्हणजे आजचे सिन्नर असावे. त्याच्याच नावावरून नाशिकपासून देवगिरीपर्यंतच्या मुलखाला सेऊणदेश म्हणू लागले.

या घराण्याची सलग वंशावळ आज आपल्या हाती आहे ती एका ग्रंथाच्या प्रस्तावनेमुळे. मूळपुरुषाची राजधानी श्रीनगर होती असे ही प्रस्तावना सांगते आणि तिथे ती वसईच्या ताम्रपटाहून वेगळी पडते. पण दृढप्रहारापासून महादेवरावापर्यंत एकामागून एक राजा, त्याचे नाते, त्याचा पराक्रम इतक्या क्रमाने दुसरीकडे कुठेच मिळत नाही. ग्रंथ आहे ‘चतुर्वर्गचिंतामणी’, त्यातले ‘व्रतखंड’, आणि लिहिणारा हेमाद्री. महाराष्ट्र त्याला हेमाडपंत या नावाने ओळखतो.

हेमाडपंत म्हटले की डोळ्यांसमोर येते ते काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले देऊळ. गावोगावच्या फलकांवर ‘हेमाडपंती शैलीचे प्राचीन मंदिर’ असे लिहिलेले असते. त्या फलकांनी या माणसाला एका परीने अमर केले आणि त्याचे खरे काम मात्र झाकून टाकले. खरा हेमाद्री राज्याच्या दप्तरात बसलेला धर्मशास्त्री होता. महाराष्ट्राच्या धार्मिक वर्तनावर त्याच्याइतका खोल आणि टिकाऊ ठसा फार थोड्यांनी उमटवला आहे, आणि तो ठसा आजही घराघरांत दिसतो.

वत्स गोत्रातल्या वामनाचा मुलगा वासुदेव, वासुदेवाचा कामदेव आणि कामदेवाचा हेमाद्री, अशी त्याने स्वतःच दिलेली वंशपरंपरा आहे. इ.स. १२६० च्या सुमारास महादेवराव यादव देवगिरीच्या गादीवर बसला आणि त्याच्या काळात हेमाद्री राज्याचा ‘श्रीकरणाधिप’ झाला. करण म्हणजे राज्याचे दप्तर. राजाच्या नावाने निघणारी आज्ञापत्रे, दानपत्रे, जमिनींच्या नोंदी, हिशेब, सगळे तिथून जायचे. भांडारकरांनी या पदाचा अर्थ राजाच्या वतीने हुकूम लिहून पाठवणारा आणि राज्याचे कागद सांभाळणारा मुख्य अधिकारी असा लावला आहे. नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पसरलेल्या राज्यात एवढी किल्ली ज्याच्या हातात, त्याचे वजन किती असेल याचा अंदाज बांधता येतो. शिवाय त्याच्या ग्रंथांत तो मंत्री म्हणूनही येतो.

दप्तराच्या माणसाची नजर त्याच्या राजप्रशस्तीतही दिसते. महादेवरावाने उत्तर कोकणातले शिलाहारांचे राज्य संपवले, तो प्रसंग त्याने मोठ्या झोकात रंगवला आहे. कोकणचा राजा सोमेश्वर समुद्राच्या आश्रयाला गेला आणि सैन्यासह तिथेच बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला समुद्रातला वडवाग्नी बरा वाटला, असा त्याचा सूर आहे. ही घटना १२६५ च्या सुमाराची. त्याच प्रशस्तीत आणखी एक दावा येतो. महादेवराव स्त्रीवर, बालकावर आणि शरणागतावर शस्त्र धरत नाही हे ओळखून आंध्रांनी स्त्रीला गादीवर बसवले आणि माळव्याने बालकाला! आंध्रांची ही स्त्री म्हणजे काकतीयांची पराक्रमी राणी रुद्रमादेवी. तेलुगू परंपरेतली कथा अगदी उलट आहे: तिथे रुद्रमादेवीच महादेवाला देवगिरीपर्यंत मागे रेटते. हेमाद्री इतिहास लिहीत होता हे खरे, पण तो राजाचा चिटणीस होता, हेही प्रशस्ती वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

१२७० नंतर देवगिरीत उलथापालथ झाली. महादेवरावामागून त्याचा मुलगा आमणदेव गादीवर आला. पण खरा हक्क आपला, असे थोरल्या पातीच्या रामचंद्रदेवाचे म्हणणे होते, कारण महादेवाआधी त्याचा बाप कृष्णदेव राजा होता. महानुभाव परंपरेतल्या वृत्तांतानुसार रामचंद्र नटांचा फड घेऊन किल्ल्यात शिरला, खेळ रंगात असताना त्याच्या माणसांनी शस्त्रे काढली आणि आमणदेव कैद झाला. त्याचे डोळे काढले गेले, असेही सांगतात. अशा वेळी जुन्या राजाच्या विश्वासातल्या मंत्र्याचे काय होते हे सांगायला नको. हेमाद्री मात्र टिकला, नुसता टिकला नाही तर वाढला.

याचा पुरावा ठाण्याचा ताम्रपट. शके ११९४, म्हणजे १२७२ साली, साष्टी प्रांतावर रामचंद्राचा अधिकारी अच्युत नायक कारभार पाहत होता आणि त्याने ब्राह्मणांना दिलेल्या गावाची नोंद या पटात आहे. त्यात हेमाद्रीचे नाव येते ते सर्व करणांचा अधिपती म्हणून. त्याच्याकडे हत्तीदळाचे आधिपत्य होते आणि त्याने झाडीमंडळ जिंकले, असेही हा पट सांगतो. झाडीमंडळ म्हणजे विदर्भाच्या पूर्वेचा, आजही झाडीपट्टी म्हणून ओळखला जाणारा जंगलमुलूख. लेखणी चालवणाऱ्या पंडिताच्या हातात आता हत्तीदळही आले होते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ याच सुमाराचा, शके ११९५ ते ११९९ या वर्षांतला. देवळासाठी दान देणाऱ्यांच्या त्या मराठी यादीत राजा रामचंद्रदेवाप्रमाणे हेमाडी पंडिताचेही नाव आहे. शास्त्राची चौकट बांधणारा हा माणूस भक्तांच्या विठ्ठलापुढेही दाता म्हणून उभा राहिला होता. त्याचे चरित्र एका रंगात रंगवता येत नाही ते यामुळेच.

याच वर्षांत फ्रान्सचा एक माणूस जवळजवळ याच वाटेने चालला होता. गियोम द्युराँ, जन्म १२३० च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समधल्या बेझिएजवळच्या गावात. बोलोन्याच्या विद्यापीठात तो चर्चचा कायदा शिकला, पुढे पोपच्या दरबारात न्यायाधीश झाला. १२७४ साली ल्योंला भरलेल्या चर्चच्या मोठ्या परिषदेत पोप दहाव्या ग्रेगरीचा सचिव म्हणून त्याने काम केले. पोपच्या वतीने त्याने इटलीतल्या रोमान्या प्रांताचा कारभार पाहिला, तिथल्या बंडखोर शहरांशी झुंज दिली, आणि त्याच धामधुमीत तो फ्रान्समधल्या मांद या गावाचा बिशप म्हणून निवडला गेला. त्याने दोन मोठे ग्रंथ लिहिले. एकात चर्चच्या न्यायालयात दावा कसा चालवावा याची इत्थंभूत माहिती, दुसऱ्यात देवळाची इमारत, वस्त्रे, घंटा, सण, प्रार्थना या प्रत्येक गोष्टीचा अर्थ. राजकारण, कायदा आणि विधी ही तिन्ही कामे एकाच हाताने करणारा असा माणूस त्या शतकाला हवा होता. इकडे देवगिरीलाही तो हवा होता.

तेराव्या शतकात दोन्हीकडे एकच अडचण होती. शेकडो वर्षांची वचने, परंपरा, मतभेद साचले होते. कुठल्या गावात एक रीत, शेजारच्या गावात दुसरी. राज्य मोठे झाले, दाने वाढली, यात्रा वाढल्या. मग कुणीतरी सगळे गोळा करून सांगायचे की नेमके कुठले बरोबर. द्युराँने पोपच्या कायद्याचा आधार घेतला. हेमाद्रीने पुराणे, स्मृती आणि मीमांसा यांचा.

‘चतुर्वर्गचिंतामणी’चा आवाका पाहिला की छाती दडपते. व्रत, दान, तीर्थ आणि मोक्ष ही चार खंडे, आणि यांत न बसणाऱ्या विषयांसाठी पाचवे परिशेषखंड. त्यात देवतापूजा, श्राद्ध, कालनिर्णय अशी प्रकरणे. छापील स्वरूपात हा ग्रंथ हजारो पानांचा होतो, आणि तोही अपुरा. पान उलटावे तिकडे उताऱ्यांवर उतारे. आज लुप्त झालेल्या किती तरी ग्रंथांची वचने केवळ हेमाद्रीने उतरवून ठेवली म्हणून शिल्लक आहेत. दावे, करार, वारसा यांना या योजनेत जागा नाही. तो प्रांत त्याच्या दीडेकशे वर्षे आधी विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’ने व्यापलेला होता. हेमाद्रीला माणसाचे वर्ष बांधायचे होते: कुठल्या दिवशी काय करायचे, काय द्यायचे, पितरांना कधी आठवायचे.

कालनिर्णयाचे प्रकरण हा या सगळ्याचा गाभा. चांद्र तिथी सूर्योदयाशी जुळून येत नाही. दशमी सकाळी थोडी उरली आहे आणि मग एकादशी लागते, तर उपास कधी? अष्टमी मध्यरात्री आहे पण सूर्योदयाला नाही, तर जन्माष्टमी कधी? श्राद्धाची तिथी दोन दुपारी विभागली गेली तर कुठली धरायची? ऐकताना हे किरकोळ वाटते. पण ज्या समाजाचे बाजार, यात्रा, पेरण्या, लग्ने तिथींवर चालतात, तिथे दोन गावांनी दोन वेगळे दिवस धरले तर जत्राही मोडते आणि सोयरीकही. हेमाद्रीने प्रत्येक प्रश्नावरची परस्परविरोधी वचने समोर मांडली, कुठले वचन कुठल्या प्रसंगी लागू ते मीमांसेच्या नियमांनी ठरवले आणि निर्णय दिला. यात न्यायाधीशाची पद्धत आहे: दोन्ही बाजू नोंदवायच्या, आधार सांगायचा, मग निकाल.

तो निकाल पुढे हातोहात गेला. मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेले भट्ट घराणे धर्मशास्त्रात गाजले. त्यातल्या कमलाकर भट्टाने १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधू’ लिहिला तेव्हा हेमाद्रीचे मत त्याला पानोपानी घ्यावे लागले, कुठे मान्य करून, कुठे खोडून. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधू’ १७९० च्या सुमाराचा. तो या आधीच्या निबंधांचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनग्रंथांचे, सार काढतो. आणि पंचांगकर्ते आजही या दोन ‘सिंधूं’वरून सण ठरवतात. पिंपळगावच्या एखाद्या घरात चतुर्थी की पंचमी, आज की उद्या, असा प्रश्न पडून पंचांग उघडले जाते, तेव्हा देवगिरीच्या दप्तरातला तो जुना निवाडा तीन-चार हातांतून फिरत तिथे पोचलेला असतो. श्रावणीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या लांबलचक संकल्पाला तर ‘हेमाद्री संकल्प’ असेच नाव आहे.

दानखंडाबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण टीकाकारांनी ते बरेचदा वाचलेलेच नसते. तुळापुरुष, हिरण्यगर्भ अशी सोळा महादाने त्यात आहेत, आणि ती राजेरजवाड्यांसाठी, पुरोहितांच्या फायद्याची आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच खंडात पाणपोई घालणे, विहीर-तळे खोदणे, झाडे लावणे, ग्रंथ उतरवून देणे ही दाने आहेत. नंदिपुराणातून घेतलेला आरोग्यदानाचा भाग तर विशेष लक्षात राहतो: औषधांचा साठा असलेली आरोग्यशाळा उभारावी, तिथे जाणता वैद्य असावा, रोग्यांवर उपचार व्हावेत. हे वचन हेमाद्रीचे स्वतःचे नाही. पण एका राज्याचा मुख्य अधिकारी ते निवडून पुण्यकर्मांच्या यादीत ठेवतो, याला वजन आहे. त्याला वैद्यकाची गोडी होतीच. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली आणि वैद्यकाचे अभ्यासक ती आजही वापरतात.

त्याच्या भोवती विद्वानांचे मंडळ होते. त्यांतला सर्वांत तेजस्वी बोपदेव. वऱ्हाडात वरदा नदीच्या, म्हणजे वर्धेच्या, काठच्या सार्थ गावचा. बाप केशव वैद्य, गुरू धनेश. ‘मुग्धबोध’ हे सुटसुटीत संस्कृत व्याकरण याच बोपदेवाचे, आणि ते पुढे सर्वाधिक शिकवले गेले दूर बंगालात. भागवताचे सार सांगणारी ‘हरिलीला’ त्याने हेमाद्रीच्या सांगण्यावरून रचली. त्याच्या ‘मुक्ताफळा’वर हेमाद्रीने टीका लिहिली. मग एवढा प्रचंड ‘चतुर्वर्गचिंतामणी’ खरोखर कुणी लिहिला? राज्याचा दैनंदिन कारभार पाहणाऱ्या माणसाला हे शक्य होते का? भांडारकरांनी ही शंका मोकळेपणाने मांडली आहे, आणि तिचे उत्तरही दिले आहे: लेखणी कुणाचीही असो, पूर्वापार चालत आलेल्या आचारांना एका चौकटीत बसवण्याची कल्पना हेमाद्रीची आणि ते काम त्याच्या देखरेखीखाली झाले, एवढे मानावेच लागते. करणाचा अधिपती ग्रंथही करणासारखाच तयार करवून घेतो, हे पटण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. ती टाळून हेमाद्रीवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

गोदावरीच्या काठाने याच काळात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी फिरत होते. मूळचे गुजरातचे, पण उपदेश मराठीत. व्रते, तीर्थे, अनेक देवतांची उपासना यांचा त्यांनी निषेध केला. स्त्रियांना आणि शूद्रांना शिष्य म्हणून बरोबरीने जवळ केले. हेमाद्री ज्या पायावर इमारत चढवत होता, तोच पाया चक्रधर हलवत होते. महानुभावांच्या परंपरेनुसार हेमाद्री आणि महदाश्रम नावाचा आणखी एक विरोधक यांनी त्यांच्याविरुद्ध कारस्थान रचले, पैठणला सभा भरवून त्यांना दोषी ठरवले आणि त्यांचे नाक कापण्याची शिक्षा झाली. पुढे ते उत्तरेला निघून गेले. हे साल परंपरेत १२७४ धरले जाते. द्युराँ ल्योंच्या परिषदेत नव्या नियमांचे मसुदे हाताळत होता, तेच वर्ष.

हेमाद्रीच्या बाजूने या प्रसंगाची एकही नोंद नाही. आपल्यापुढे आहे ती केवळ ज्यांना सोसावे लागले त्यांची आठवण. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, आणि अशा प्रकारे मराठी गद्याचा आद्य ग्रंथ हेमाद्रीच्या विरोधकांच्या घरातून आला. या आठवणीचा प्रत्येक तपशील न्यायालयात टिकेल असे म्हणता येणार नाही. तरी तिचा गाभा खोटा मानायला मन घेत नाही. धर्माचा निर्णय आणि राज्याचे दप्तर एकाच माणसाच्या हातात आले की वेगळ्या मताच्या माणसाला दाद मागायला जागा उरत नाही. नाशिक जिल्ह्यात महानुभाव पंथाचे मठ आणि स्थाने आजही आहेत. तिथल्या माणसांसाठी हेमाद्री हे देवळांच्या फलकावरचे नाव नाही.

त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांचे आणि त्यांच्या भावंडांचे बालपणही याच काळातले. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची ही मुले. प्रायश्चित्त मागायला गेलेल्या आईबापांना देहान्ताचा मार्ग सांगितला गेला, मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, अशी परंपरा आहे. त्यात हेमाद्रीचा हात होता असे कुठे म्हटलेले नाही. पण प्रायश्चित्ताची भाषा कुटुंबाच्या उंबऱ्यापर्यंत कशी पोचत होती, ते या कथेत दिसते. त्याच मुलांपैकी ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीतेवरची टीका पूर्ण केली आणि शेवटी राज्य करणाऱ्या रामचंद्राचा आदराने उल्लेख केला. एकाच राजाच्या छत्राखाली संस्कृतातला निबंधकार, मराठीतला महानुभाव आणि मराठीतला नाथपंथी वारकरी, तिघांनी तीन वाटा आखल्या. तीस वर्षांच्या आत एवढे घडलेला काळ महाराष्ट्राच्या इतिहासात विरळाच.

पुढच्या काळात हेमाद्रीवर आणखी एक आरोप झाला. व्रतवैकल्यांत समाजाला गुंतवून त्याने त्याचे तेज घालवले आणि म्हणून अल्लाउद्दीन खिलजीपुढे देवगिरी कोसळली, असे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पिढीपासून अनेकांनी मांडले. हे मात्र पटत नाही. अल्लाउद्दीन १२९६ मध्ये अचानक चालून आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर राजधानीबाहेर होते, किल्ल्याची तयारी नव्हती, आणि उत्तरेकडून येणाऱ्या धोक्याची खबर ठेवणारी यंत्रणा ढिली होती. या चुका हेरखात्याच्या आणि सेनापतींच्या. उपास करणारे शेतकरी त्याला जबाबदार नव्हते. (१२९६ हेच द्युराँच्या मृत्यूचेही वर्ष, १ नोव्हेंबरला तो रोममध्ये वारला.) हेमाद्रीचा दोष शोधायचा तर तो पैठणच्या सभेत शोधावा, देवगिरीच्या तटावर शोधून उपयोग नाही.

देवळांचा प्रश्न सोडवायला सोपा आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे, आणि तेही शिलाहारांच्या राज्यातले. सिन्नरचे गोंदेश्वर, आग्रा रस्त्यावरच्या झोडग्याचे माणकेश्वर ही देवळे यादव काळातली, पण गोंदेश्वरासारखे पंचायतन उभे राहिले तेव्हा हेमाद्री जन्मालाही आला नसावा. दगडाला दगड खाचेत बसवून चुन्याशिवाय भिंत उभी करण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाथरवटांची आहे. ती त्यांच्या नावे राहिली नाही, मंत्र्याच्या नावे जमा झाली. गोंदेश्वराच्या शिखरासमोर उभे राहून ‘हेमाडपंती’ म्हणताना त्या अनाम कारागिरांवर अन्याय होतो, हे एकदा तरी मनात यायला हवे.

मोडी लिपीचे तसे नाही. हेमाडपंताने मोडी लंकेहून आणली ही लोककथा सोडून देता येईल, आणि राजवाड्यांनी मोडीचा संबंध फारसीच्या शिकस्त वळणाशी लावला तोही एक पक्ष आहे. पण हात न उचलता भरभर लिहिण्याची गरज कुणाला होती? जिथे रोज ढिगाने पत्रे निघतात त्या दप्तराला. पत्रातले मायने, मानमरातबाचे शब्द, मोजमापे यांचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ही परंपरेने हेमाडपंताच्या नावावर आहे. लिपी त्याने घडवली नसेल. दप्तराची शिस्त मात्र त्याच्या हाताखाली बसली असण्याची शक्यता मोठी आहे. पुढे सहाशे वर्षे मराठी कुळकर्ण्यांनी आणि चिटणिसांनी ज्या शिस्तीत जमिनी, वसूल आणि वाद लिहून ठेवले, तिची आठवण लोकांनी करणाच्या एका अधिपतीशी जोडून ठेवली.

द्युराँचा विधींवरचा ग्रंथ १४५९ मध्ये माइन्झला छापला गेला. युरोपात खिळ्यांची छपाई सुरू होऊन उणीपुरी दहा वर्षेही झाली नव्हती, आणि छापण्यासाठी निवडलेल्या सुरुवातीच्या मोठ्या पुस्तकांत तो होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ला छापखाना पाहायला १८७३ साल उजाडावे लागले, आणि तेही कलकत्त्यात. बंगालच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या ग्रंथमालेत आधी दानखंड काढले आणि पुढची काही दशके एकेक भाग येत राहिला. संपादक बंगाली पंडित होते, पहिले नाव भरतचंद्र शिरोमणी यांचे. महाराष्ट्राच्या या सर्वांत मोठ्या निबंधग्रंथावर आधी बंगालने कष्ट घेतले. राजप्रशस्तीचे मोल ओळखून भांडारकरांनी ती आपल्या दख्खनच्या इतिहासाला जोडून छापली, आणि म. म. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हेमाद्रीला त्याची जागा मिळवून दिली. काण्यांच्या त्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० चा. व्रत, दान, श्राद्ध यांवरची त्यातली कुठलीही चर्चा हेमाद्रीला ओलांडून पुढे जात नाही.

तीर्थखंड आणि मोक्षखंड अजूनही सापडलेली नाहीत. ती लिहिली गेली आणि हरवली, की योजनेतच राहिली, हा वाद उघडा आहे. हाती असलेल्या खंडांची रीत पाहता तीर्थखंडात गोदावरीचा भाग मोठा असता: उगमाचे त्र्यंबक, नाशिकचे घाट, सिंहस्थाचा काळ, पैठण. तेराव्या शतकात त्या घाटांवर कुठल्या देवता होत्या, कोण कशासाठी यायचे, पुरोहितांची दक्षिणा आणि यात्रेकरूंची हक्काची जागा कशी ठरायची, याची अधिकृत नोंद त्यातून मिळाली असती. नाशिक, पैठण, काशी, तंजावर इथल्या जुन्या पोथीसंग्रहांत धर्मशास्त्राची अपुरी, नाव नसलेली हस्तलिखिते अजून पडून आहेत. त्यांची पाने हेमाद्रीच्या छापील खंडांशी ताडून पाहण्याचे काम संस्कृत जाणणाऱ्या, मोडी वाचू शकणाऱ्या आणि चिकाटी असलेल्या तरुण अभ्यासकांची वाट पाहत आहे.